मूकपटांतील धडपड आणि देवळातील हसू

हसू हलके, म्हणून हसविणारी कलाही हलकी, असा एक समज आपल्या मंडळींत फार दिवसांपासून रुजलेला आहे. उत्सवाच्या निमित्ताने देवळाच्या सभागृहात पडदा लावावयाचा झाला, तर संतचरित्रावरील बोलपट चालतो, तीर्थयात्रेचे चित्रण चालते. परंतु कोणी चार्ली चॅप्लिनचे अथवा बस्टर कीटनचे नाव काढले, की व्यवस्थापकांच्या कपाळी आठी पडते. ‘देवळात माकडचेष्टा कशाला?’ हा प्रश्न ठरलेला असतो. प्रश्न विचारणाऱ्यांची देवाविषयीची आस्था खरी आहे. म्हणूनच तो थट्टेवारी न नेता त्याचे सरळ उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे : पडणाऱ्या माणसाला हसणे निराळे आणि पडून पुन्हा उठणाऱ्या माणसाबरोबर हसणे निराळे. मूकपटांतील उत्तम विनोद दुसऱ्या जातीचा आहे, आणि त्या जातीच्या विनोदाला आपल्या देवळांनी कधीच दार लावलेले नाही.

आमच्या कोंकणी वाचकांस याचा पुरावा शोधण्यास दूर जावे लागणार नाही. फोंडा तालुक्यातील माशेल येथे देवकीकृष्णाच्या देवळापुढे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो होतो. अंगाला तेल माखलेली थोर-लहान माणसे पावसाने झालेल्या चिखलात लोळतात, एकमेकांना ओढतात, पाडतात आणि बाळकृष्णाचे खेळ खेळतात. त्या चिखलात कोण सावकार आणि कोण कूळ हे ओळखू येत नाही. दक्षिण कोकणातील दशावतारात वेद पळविणारा संकासुर काळ्या वेषात रंगणात येतो, तेव्हा त्याच्या अंगविक्षेपांनी पोरे भिऊन हसतात आणि हसून भितात. गोपाळकाल्यात हंडी फोडणाऱ्यांचा मनोरा कोसळतो, त्या वेळी जमलेल्या समुदायाच्या तोंडून जो हुंकार निघतो तो पाडावाचा नसतो. ते पुन्हा चढतील या खात्रीचा असतो. लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटून मारल्याचा नुसता आवाज काढण्याचे एक साधन जुन्या इटालियन नाटकमंडळ्यांत असे. त्यावरून अशा विनोदास ‘स्लॅपस्टिक’ हे नाव पडले. आपण त्यास धडपडीचा विनोद म्हणू. नाव परके असले तरी वस्तू परकी नाही.

बडोद्यात बसून या विषयावर लिहिताना पहिली आठवण होते ती कलाभवनाची. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० साली ही संस्था निघाली. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून निघून या कलाभवनात आले आणि चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचे शिक्षण त्यांनी येथे घेतले. पुढे गोध्र्यास त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गमावून त्यांस ते गाव सोडावे लागले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु त्यापुढची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ‘मोहिनी भस्मासुर’ या आपल्या दुसऱ्या पुराणपटास जोडून फाळक्यांनी १९१४ साली ‘पिठाचे पंजे’ नावाचा एक छोटा विनोदी पट प्रेक्षकांपुढे ठेवला. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या जन्मापासून वर्ष लोटले न लोटले तोच, भक्तीच्या चित्राशेजारी हसण्याचे चित्र एकाच खेळात मांडले गेले. आणि ते मांडणारा त्र्यंबकेश्वरच्या विद्वान ब्राह्मण घराण्यातील पुरुष होता. त्यास यात कोणतीही विसंगती दिसली नाही. हेच फाळके जादूचे प्रयोग करून दाखवीत, आणि त्या वेळी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव धारण करीत. वाचकांनी ‘फाळके’ हे आडनाव उलट्या क्रमाने वाचून पाहावे.

‘पिठाचे पंजे’ आज पाहावयास मिळत नाही. फाळक्यांच्या विनोदबुद्धीची परीक्षा करावयाची तर ती १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या चित्रावरून करावी लागते, आणि सुदैवाने त्याचा बराच मोठा भाग शिल्लक आहे. कृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली आहे. त्या वेळी ती जेमतेम सहा-सात वर्षांची होती. चित्राच्या आरंभी ती आपल्या साध्या रूपात समोर येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखविते आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते. देव दाखविण्यापूर्वी फाळके प्रेक्षकास सांगतात की हे मूल आहे, आणि हे मूल खेळणार आहे. त्यानंतर कालियापर्यंत पोहोचण्याची त्यांस घाई नाही. एक गवळण कृष्णाच्या सवंगड्यावर पाणी ओतते, त्याचा सूड म्हणून लोण्यावर धाड पडते, कागाळ्या होतात. एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या शयनगृहात कृष्ण रात्री हळूच शिरतो आणि झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांस बांधून ठेवतो.

हा शेवटचा प्रसंग शुद्ध धडपडीचा विनोद आहे. तो अमेरिकेतल्या एखाद्या विनोदी पटातही शोभला असता. भेद इतकाच की तेथे खोडी काढणारा उनाड असतो, येथे तो परमेश्वर आहे. आणि प्रेक्षकास हे दोन्ही एकाच वेळी ठाऊक असते. ज्याची दाढी बांधली गेली तो गोकुळातला बडा माणूस आहे. त्याला इजा होत नाही, त्याचा डौल तेवढा जातो. पुढे हेच मूल यमुनेत उडी घेते, तेव्हा सारे गोकुळ तीरावर आक्रोश करते. आणि आपल्याही काळजात चर्र होते, कारण आपण नुकतेच त्याच्याबरोबर हसलेलो असतो. हसू आधी नसते तर हे भय इतके खरे वाटले नसते. देवाविषयी जवळीक निर्माण करण्याचे काम येथे विनोदाने केले आहे, हे ज्यास दिसत नाही त्याने हे चित्र पुन्हा पाहावे.

तथापि दोष सांगितल्यावाचून परीक्षण पुरे होत नाही. फाळक्यांचा कॅमेरा बहुधा नाटकाच्या पहिल्या रांगेत बसल्यासारखा एका जागी स्थिर असतो. शयनगृहाच्या प्रसंगात गंमतीची कल्पना उत्तम आहे. परंतु ती टप्प्याटप्प्याने चढवीत नेण्याची, प्रेक्षकास ‘आता काय होणार’ म्हणून टांगून ठेवण्याची हातोटी त्यात पुरती आलेली नाही. खोडी होते, हसू येते आणि प्रसंग पुढे सरकतो. ही हातोटी त्याच सुमारास समुद्रापलीकडे पूर्णत्वास जात होती. म्हणूनच केवळ स्वकीयांच्या अभिमानावर न थांबता ती परकी चित्रेही आपण पाहिली पाहिजेत.

ती पाहण्यासाठी कसोटी मात्र घरचीच घ्यावी. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : अंगाचे, नेपथ्याचे आणि वाक्याचे. मूकपटाजवळ वाक्य नाही. अधूनमधून येणाऱ्या लेखी पाट्या सोडल्यास त्याचा सारा संसार अंग आणि नेपथ्य या दोहोंवर चालतो. चॅप्लिनचे सामर्थ्य नेपथ्यात आहे. आखूड कोट, ढगळ विजार, मोठाले बूट, चिमुकली टोपी आणि हातात वेताची छडी. भिकाऱ्याच्या अंगावर सभ्य गृहस्थाचा वेष. ‘द गोल्ड रश’ या १९२५ सालच्या चित्रात उपासमारीने गांजलेला हा गृहस्थ आपला बूट शिजवून खातो. तो बुटाचे खिळे असे चोखतो की आपल्याकडील एखादा रसिक माशाचे काटे चोखीत असावा. आपण हसतो ते त्याच्या भुकेला नव्हे. भुकेतही न सुटलेल्या त्याच्या रीतभातीला हसतो, आणि हसता हसता मान तुकवितो.

बस्टर कीटनचे सामर्थ्य अंगात आहे. भरतांनी आत्मस्थ आणि परस्थ असा हास्याचा आणखी एक भेद केला आहे : स्वतः हसणे आणि दुसऱ्यास हसविणे. कीटन हा परस्थ हास्याचा परिपूर्ण नमुना होय; पडद्यावर त्याचा चेहरा हसत नाही. ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ या १९२८ सालच्या चित्रात वादळाने घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते, आणि भिंतीतील उघडी खिडकी नेमकी त्याच्या अंगावरून जाते म्हणून तो वाचतो. भिंत खरी होती. उभे राहण्याची जागा चुकली असती तर माणूस गेला असता. ‘सेफ्टी लास्ट!’ या १९२३ सालच्या चित्रात उंच इमारतीच्या घड्याळाच्या काट्यास लोंबकळणाऱ्या हॅरल्ड लॉइडने चार वर्षांपूर्वी एका अपघातात उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गमावली होती. हे कळल्यावर ‘माकडचेष्टा’ हा शब्द ओठांवर येत नाही. व्यायामशाळेतल्या मल्लखांबपटूची साधना आणि या नटांची साधना एकाच कुळीची आहे.

भरतांनी स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याच्या सहा पायऱ्या लावून पहिल्या दोन उत्तम प्रकृतीच्या आणि शेवटच्या दोन अधम प्रकृतीच्या मानल्या आहेत. त्यावरून कोणी म्हणेल की खो-खो हसविणारे ते सारे अधमच. आम्हांस हा अर्थ मान्य नाही. लॉरेल आणि हार्डी यांचा १९२९ सालचा ‘बिग बिझनेस’ पाहावा. हे दोघे दारोदार नाताळची झाडे विकीत असतात; एका गिऱ्हाइकाशी कुरबूर होते; मग तो यांची मोटार मोडतो आणि हे त्याचे घर मोडतात. गंमत अशी की प्रत्येक पक्ष दुसऱ्याची मोडतोड पुरी होईपर्यंत शांतपणे उभा राहून पाहतो, आणि मग आपली पाळी घेतो. प्रेक्षक पोट धरून हसतात. परंतु गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंत जी साखळी दाखविली आहे, तिचे इतके चोख प्रात्यक्षिक आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाही. याउलट एकमेकांच्या तोंडावर खाद्यपदार्थ फेकण्यापलीकडे ज्यांत काही नाही असे पटही त्या काळी ढिगाने निघाले. त्यांची शिफारस आम्ही करणार नाही.

आणखी एका बाबतीत वडीलधाऱ्यांनी सावध असावे. अमेरिकेतील त्या काळच्या विनोदात कृष्णवर्णीयांची कुचेष्टा सर्रास असे, आणि कीटनसारखा थोर नटही तिच्यातून सुटलेला नाही. त्याचे ‘सेव्हन चान्सेस’ (१९२५) आणि ‘कॉलेज’ (१९२७) हे पट या कारणास्तव मुलांपुढे लावू नयेत; लावलेच तर त्यांतील दोष स्पष्ट सांगून लावावेत. आमची कसोटी येथेही तीच आहे. तेथे माणूस पडत नसतो, त्यास पाडलेले असते, आणि त्याच्या उठण्याची कोणास फिकीर नसते.

या कसोटीस उतरणारा विनोद मराठीत आला तो पुन्हा बडोद्याच्याच वाटेने. चिं. वि. जोशी बडोद्यात पालीचे अध्यापन करीत. बुद्धवचनांचा अभ्यास करणाऱ्या या पंडिताने चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली : एक किरकोळ देहाचा, भिडस्त, पदोपदी फजीत होणारा, दुसरा दणकट, आडदांड, मदतीस धावून घोटाळा वाढविणारा. हे सारे शब्दांतून आलेले असले तरी तो अंगाचाच विनोद आहे. चिमणराव वाचताना आपण त्यांस धडपडताना पाहतो. मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या बोलपटांत दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांस या जोडीच्या भूमिका दिल्या. बोलपट असल्यामुळे त्यांत संवादांचा भार पुष्कळ आहे आणि काही ठिकाणी तो जाचतोही. परंतु हे दोघे नुसते शेजारी उभे राहिले की वाक्याच्या आधीच हसू सुरू होते. दामुअण्णांचा डोळा तिरळा होता. व्यंगाचे दर्शन हे भरतांनी हास्याचे एक कारण म्हणून सांगितले आहे खरे. पण दामुअण्णा त्या डोळ्यास हसू देतात ते मालक या नात्याने. आपले व्यंग आपण होऊन पुढे करणारा नट आणि दुसऱ्याच्या व्यंगाकडे बोट दाखविणारा नट यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते. चिमणरावांची फजिती पाहून आपण घरी येतो ते त्यांचे नातलग होऊन.

आता ज्या मंडळींस प्रत्यक्ष कार्यक्रम ठरवावयाचा आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. गोकुळाष्टमीच्या संध्याकाळी आरतीपूर्वी दीड तास मोकळा असेल, तर प्रथम कीटनचा ‘वन वीक’ (१९२०) लावावा. तो वीसेक मिनिटांचा आहे. नवविवाहित जोडप्यास सुट्या भागांचे घर मिळते. एक मत्सरी इसम खोक्यांवरील आकडे बदलून ठेवतो. मग जे घर उभे राहते ते वादळात भोवऱ्यासारखे फिरते. नवा संसार मांडलेल्या प्रत्येकास त्यात आपले काहीतरी सापडेल. त्यात वधूच्या स्नानाचा एक क्षण आहे, पण तेथे कॅमेऱ्यापुढे एक हात येऊन भिंग झाकतो. कोणी संकोच धरू नये. त्यानंतर ‘कालिया मर्दन’ लावावा. उपलब्ध चित्र पाऊण तासाच्या आसपास आहे. दुसऱ्या एखाद्या दिवशी चॅप्लिनचा ‘द किड’ (१९२१) दाखवावा. टाकून दिलेले मूल वाढविणाऱ्या गरिबाची ही कथा आहे, आणि ती करण्यापूर्वी थोडे दिवस चॅप्लिनचे स्वतःचे पहिले मूल तीन दिवसांचे होऊन गेले होते. ज्यांस भारतीय मूकपटाचा आणखी एक नमुना पाहावयाचा असेल त्यांनी कालीपद दास यांचा ‘जमाईबाबू’ (१९३१) हा बंगाली पट पाहावा. खेड्यातून कलकत्त्यास आलेल्या जावयाची त्यात जी त्रेधा उडते, ती चॅप्लिनच्या वळणाची असूनही मातीने बंगाली आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. मूकपट हाताने कॅमेरा फिरवून घेतले जात, आणि सेकंदास बोलपटाइतकी चोवीस चित्रे त्यांत बहुधा नसत. ते बोलपटाच्या वेगाने दाखविले की माणसे अकारण तुरुतुरु धावू लागतात, आणि तेच मूकपटाचे स्वरूप असा गैरसमज होतो. म्हणून योग्य वेगाची प्रत निवडावी. दुसरे म्हणजे मूकपट मुका दाखवू नये. फाळक्यांच्या काळी पडद्याजवळ तबला-पेटी वाजे, आणि पाट्या वाचून दाखविणारा माणूस असे. आपल्या प्रत्येक देवळाचे भजनी मंडळ आहे. कीटन पडताना पखवाजावर थाप पडू द्या, कृष्ण फण्यावर नाचताना झांजा वाजू द्या, आणि एखाद्या खणखणीत आवाजाच्या मुलीकडून पाट्यांचा अर्थ मराठीत व कोंकणीत सांगवा. म्हणजे हे चित्र नुसते पाहण्याचे न राहता मंडळींच्या सहभागाचे होईल.

हे आम्ही इतक्या आग्रहाने लिहितो याचे कारण केवळ करमणूक हे नव्हे. आपल्या देशात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले; त्यांपैकी हाताच्या बोटांवर फार तर काही फेऱ्यांत मोजता येतील इतकेच उरले आहेत. नायट्रेटची ती फिल्म चटकन पेट घेई, दमट हवेत कुजे, आणि तिच्यातील चांदीसाठी ती विकलीही जाई. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली, तोपर्यंत बहुतेक सारे गेले होते. पी. के. नायर यांच्या परिश्रमाने फाळक्यांचे काही अवशेष हाती लागले. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत पुन्हा जुन्या फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला. पुराणपटांचे निदान तुकडे राहिले. ‘पिठाचे पंजे’चे तेही आपल्या हाती नाहीत. ज्यास आपण हलके मानतो ते जपण्याची जबाबदारी कोणासच आपली वाटत नाही, आणि ते गेल्यावर चुकल्यासारखेही वाटत नाही. खरी हानी ही आहे.

बडोद्यातील दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुन्या मराठी घरांतून अद्यापि पत्र्याच्या पेट्या असतील, तसेच गोव्यात आणि कोकणातही असतील. त्यांत एखादे रीळ, खेळाची एखादी जाहिरात, कलाभवनातील शिक्षणाचा एखादा कागद निघाला, तर रद्दीत टाकण्यापूर्वी तो जाणत्यास दाखवावा, एवढी आमची वाचकांस विनंती आहे. आणि येत्या अष्टमीस, पडदा लावताना, कोणी ‘देवळात हे कशाला?’ असे विचारले, तर त्यांस आदराने पुढच्या रांगेत बसवावे आणि दाढी बांधण्याच्या प्रसंगापर्यंत थांबण्याची विनंती करावी. त्यानंतरही त्यांचा प्रश्न कायम राहिला, तर त्यांचे म्हणणे छापण्यास आमची पाने मोकळी आहेत.